चंद्रावरचा एकतारी पाक

या बाळांनो, जवळ या. असे लांब लांब बसू नका, गोष्ट वाटेतच गार होते. मागच्यांनी पुढे सरका, मांडीला मांडी लावा. आज सांगायची आहे ती गोष्ट लाडवांची आहे, म्हणजे तोंडाला पाणी सुटणार. चंद्रावरची आहे, म्हणजे मान वर करावी लागणार. शिवाय तिच्यात एक कोडं आहे. सगळी मापं बरोबर, सगळी आकडेमोड बरोबर, आणि तरी सगळं चुकलं, ते का? माझा शब्द आहे, गोष्ट संपायच्या आत कोडं सुटेल. नाही सुटलं तर माझ्या वाटणीचा लाडू तुमचा.

तर ऐका.

टण्ण!

कौमुदी वस्तीच्या स्वयंपाकघरात एक लाडू ओट्यावरून घरंगळला. चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाएवढंच भरतं, म्हणून तो पडलाही सावकाश, जणू विचार करत करत. पण जमिनीला लागल्यावर आवाज मात्र असा झाला, की शेजारच्या खोलीतून शार्दूल धावत आला.

"काय फुटलं गं?"

"काही नाही फुटलं," दुर्वा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तेच तर! फुटतच नाहीये."

शार्दूलने लाडू उचलला, दाताखाली धरला, आणि गाल चोळत खाली ठेवला. "दुर्वे, तू लाडू वळलेस की उल्का गोळा करून आणल्यास? प्रसाद म्हणून हे वाटणार? वस्तीत दातांचा डॉक्टर एकच आहे हो!"

दुर्वा साळवी बारा वर्षांची होती आणि शार्दूल तिचा थोरला भाऊ. एरवी तिने त्याला सोडलं नसतं. आज तिने नुसतं मागे बोट दाखवलं. ओट्यावर परातीत रव्याचे एकशे दहा लाडू मांडलेले होते. दिसायला सुरेख, बेदाणा लावलेले, एकसारखे. आणि दगड. एकशे दहाच्या एकशे दहा.

आता हे लाडू कशासाठी, ते सांगायला हवं.

कौमुदी वस्ती वसली तेव्हा पहिल्या तुकडीबरोबर अनसूयाबाई नावाची एक बाई स्वयंपाकीण म्हणून आली होती. तिला कीर्तनाचं वेड. पृथ्वीवरून यानात प्रत्येकाला पाच किलो सामान न्यायची मुभा होती. लोकांनी फोटो नेले, पुस्तकं नेली. अनसूयाबाईने टाळांचे दोन जोड आणि एक छोटी कढई नेली. "देवाला काय पृथ्वी नि काय चंद्र!" असं म्हणत तिने जेवणघरातच दर पौर्णिमेला कीर्तन सुरू केलं. गंमत बघा, पृथ्वीवर पौर्णिमा असते तेव्हा चंद्रावरून पृथ्वी अंधारी दिसते. म्हणजे तुमची पौर्णिमा ती आमची अमावस्या, असं ती हसून म्हणायची, आणि तरी टाळ हातात घ्यायची.

तिनेच एक रीत घालून दिली. ज्याचं पहिलं कीर्तन असेल, त्याने त्या दिवशीचा प्रसाद स्वतःच्या हाताने करायचा. "गळा देवाने दिला, त्यात तुझं काय? हात तुझे आहेत, ते आण," असं तिचं म्हणणं. आणि प्रसाद म्हणजे रव्याचे पाकातले लाडू. एवढे मऊ, की पहिल्या घासाला विरघळावेत.

दुर्वाला पदं शिकवली ती अनसूयामावशीने. टाळ कसा धरायचा, कथा रंगात आली की कुठे थांबायचं, तेही तिनेच शिकवलं. गेल्या वर्षी अनसूयामावशी देवाघरी गेली. त्यानंतर पौर्णिमेला पाकिटातली बर्फी वाटायची पद्धत पडली. आणि आज संध्याकाळी सहा वाजता दुर्वाचं पहिलं कीर्तन होतं. मावशीमागे वस्तीतलं पहिलंच पहिलं कीर्तन! लाडू झाले नाहीत तर मावशीची रीत मोडणार होती, तीही तिच्याच शिष्येच्या हाताने.

साखरेचा डबा तर रिकामा झाला होता. वस्तीने तिला एक किलो साखर दिली होती, आणि पुढचं मालवाहू यान यायला चाळीस दिवस होते.

"दुर्वाताई, माझ्याकडून चूक झालेली नाही," कोपऱ्यातून बल्लव म्हणाला.

बल्लव म्हणजे स्वयंपाकघरातला यंत्रमानव. मागच्याच यानाने पृथ्वीवरून आलेला. विराटाच्या घरी भीम ज्या नावाने स्वयंपाक करत होता, तेच नाव त्याला ठेवलं होतं. भीमाइतका तो खात नव्हता, पण तोरा तेवढाच होता.

"सकाळी आठ वाजता पहिली अर्धा किलो साखर," बल्लव सांगू लागला. "पाक एकशेपाच अंशांवर उतरवला. लाडू कडक झाले. मला वाटलं, ढवळताना तुमची काही मानवी चूक झाली असावी. म्हणून दहा वाजता दुसरी अर्धा किलो साखर मी स्वतः घेतली. पाक एकशेपाच दशांश शून्य अंशांवर उतरवला. लाडू..."

"अधिकच कडक झाले," शार्दूलने वाक्य पुरं केलं. "शाब्बास रे भीमा!"

तेवढ्यात दारात आजोबा आले. डॉक्टर विश्वंभर साळवी. आयुष्यभर चंद्रावरच्या धुळीचा अभ्यास केलेला माणूस. निवृत्त झाले तरी खिशात भिंग असायचंच. हातात चहाचा पेला, आणि चेहऱ्यावर रोजची तक्रार.

"या वस्तीत चहाला काही रंग चढत नाही बुवा. अगं, काय झालं? तोंड का असं?"

दुर्वाने सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळ्यांत साचलेलं गालावर आलंच.

आजोबांनी एक लाडू घेतला, भिंगातून पाहिला, कानाशी नेऊन टिचकी मारली. मग म्हणाले, "बाये, मला लाडू खाता येतात, करता येत नाहीत. पण कोडी मात्र सोडवता येतात. चूक कुठे लपली आहे ते शोधू या. चोर पकडायचा असेल तर आधी कोण चोर नाही ते ठरवायचं. सांग, साखर कशावर मोजलीस?"

"हां!" शार्दूल चुटकी वाजवत म्हणाला. "चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं! स्प्रिंगच्या काट्यावर मोजली असेल तर अर्ध्या किलोऐवजी तीन किलो पडली असेल!"

"तीन किलो साखर होतीच कुठे?" दुर्वा म्हणाली. "आणि आम्ही तराजू वापरला. दोन पारड्यांचा."

"तराजू फसत नाही," आजोबा म्हणाले. "एका पारड्यातलं माप जेवढं हलकं होतं, तेवढीच दुसऱ्या पारड्यातली साखर हलकी होते. पृथ्वी असो वा चंद्र, तराजू न्यायीच. म्हणजे साखर चोर नाही. तापमापक?"

"दोन वेगवेगळे लावले होते," बल्लव म्हणाला. "दोन्ही एकच आकडा दाखवतात."

"तोही सुटला. आता कृती. ती कोणाची?"

दुर्वाने फडताळातून एक वही काढली. पानांवर तुपाचे डाग, कोपरे दुमडलेले. अनसूयामावशीची वही. रव्याच्या लाडवांच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं: रवा किती, तूप किती, नारळ असला तर किती. पाकापाशी मात्र दोनच वाक्यं होती. 'पाक एकतारी. बोट सांगेल.'

"यात एकशेपाच कुठे आहे?" आजोबांनी विचारलं.

"ते मी घातलं," बल्लव म्हणाला. "'बोट सांगेल' हे माप नव्हे. माझ्या माहितीकोशात एकतारी पाक म्हणजे एकशेपाच अंश. शंभर वेळा तपासलेला आकडा आहे."

"कुठे तपासलेला?"

बल्लवने माहितीकोश पुन्हा चाळला. "पृथ्वीवर, समुद्रकाठी, डॉक्टरसाहेब."

आजोबांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दुर्वा त्यांच्या पेल्याकडे बघत राहिली. चहाला रंग चढत नाही... तिच्या मनात काहीतरी चाळवलं. आई नेहमी म्हणते, इथे तुरीची डाळ कुकरशिवाय शिजतच नाही. पृथ्वीवर आजी ती साध्या पातेल्यात शिजवायची.

"आजोबा, इथलं पाणी... उकळतं, पण नीट उकळत नाही का?"

आजोबांचे डोळे चमकले. "मला काय विचारतेस? पाण्याला विचार."

दुर्वाने पातेलीत साधं पाणी ठेवलं, त्यात तापमापक सोडला. चौघं भोवती जमली. सत्तर. ऐंशी. पंच्याऐंशी. तळाशी बुडबुडे धरू लागले. आणि नव्वदवर पाणी खळखळा उकळायला लागलं.

"बल्लवा, आच वाढव," आजोबा म्हणाले.

आच वाढली, पाणी थयथय नाचायला लागलं, वाफेने शार्दूलचा चष्मा पांढरा झाला. पण आकडा हलेना. नव्वद म्हणजे नव्वद.

"हे कसं?" शार्दूल म्हणाला. "पाणी शंभराला उकळतं! पहिलीतलं पोर सांगेल."

"पृथ्वीवरच्या पहिलीतलं," आजोबा म्हणाले. "आता मला सांगा, उकळणं म्हणजे काय?"

आजोबांनी पेला ठेवला आणि हात पसरले.

"दुर्वा, संध्याकाळी तुझ्या कीर्तनाला जेवणघर भरलेलं असेल. समज, आरती झाली आणि आतल्या लोकांना बाहेर पडायचंय. पण दाराबाहेरही गर्दी दाटली आहे. मग आतल्यांना काय करावं लागेल?"

"जोर लावावा लागेल."

"बाहेर गर्दी कमी असली तर?"

"तर थोड्या जोराने सुटतील."

"झालं! पाण्याचे रेणू म्हणजे (पाण्याचे सगळ्यात लहान कण, डोळ्यांना न दिसणारे) आत अडकलेली माणसं. उष्णता दिली की त्यांच्या अंगात जोर येतो. बाहेरची गर्दी म्हणजे पाण्यावर दाबून बसलेली हवा. तिच्या या ओझ्याला म्हणतात वायुदाब. रेणूंचा जोर हवेच्या दाबाइतका झाला, की पाण्याच्या पोटातच वाफेचे बुडबुडे धरतात आणि उसळून वर येतात. ते उकळणं. ज्या तापमानाला हे घडतं तो उत्कलनबिंदू (उकळण्याचं तापमान). पृथ्वीवर समुद्रकाठी तो शंभर अंश. आणि आपल्या वस्तीत?"

"आपल्याकडे हवेची गर्दी कमी आहे!" दुर्वा ओरडली.

"कमी म्हणजे पृथ्वीच्या सत्तर टक्के. बाहेर चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे आतली हवा आपल्या वस्तीवरच्या घुमटाच्या भिंती सतत बाहेर ढकलत असते. दाब कमी ठेवला की भिंतींवर ताण कमी पडतो. श्वासाला कमी पडू नये म्हणून प्राणवायूचं प्रमाण मात्र वाढवलंय. आपल्याला काही कळत नाही, पण पाण्याला कळतं. ते नव्वदलाच दार उघडून बाहेर. माझा चहा बिचारा नव्वदच्या पुढे तापतच नाही, रंग कुठून चढणार?"

"पण पाक तर एकशेपाचपर्यंत तापला," बल्लव म्हणाला. "पाणी नव्वदवर अडतं, मग पाक का अडला नाही?"

"हा प्रश्न भीमाला शोभला!" आजोबा खूश होऊन म्हणाले. "याचं उत्तर मात्र मी देणार नाही. दुर्वा देईल. बाये, पाण्यात साखर विरघळली की ती कुठे जाते?"

"कुठे जात नाही. पाण्यातच असते, दिसत नाही फक्त."

"मग पाण्याचा रेणू बाहेर निघाला, तर ती शेजारी बसून काय करत असेल?"

दुर्वाने डोळे मिटले. तिला कीर्तन दिसलं. पुढच्या रांगेत बायका बसलेल्या. एकीला घरी जायचंय, ती उठू बघते. शेजारची कीर्तनात रंगलेली, ती तिचा पदर धरते: बस गं, आता तर कथा रंगात आलीय. उठणारीला दुप्पट जोर करावा लागतो.

"साखर पदर धरते!" ती म्हणाली. "पाण्याला निघू देत नाही. म्हणून पाण्याला जास्त जोर लागतो, म्हणजे जास्त तापावं लागतं. जितकी साखर दाट, तितके पदर धरणारे हात जास्त, तितकं तापमान वर."

"आणि आटता आटता काय होतं?"

"पाणी वाफ होऊन जातं, साखर मागे राहते. म्हणजे पाक दाट होत जातो, आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो..." बोलता बोलता ती थबकली. मग सावकाश, एकेक शब्द जोखत म्हणाली, "म्हणजे तापमापक पाकाची उष्णता नुसती दाखवत नाही. पाकात पाणी किती उरलंय ते सांगतो. पण साध्या पाण्याच्या किती वर चढलो, ते मोजलं तर!"

"मोज मग."

"पृथ्वीवर समुद्रकाठी पाणी शंभराला उकळतं, एकतारी पाक एकशेपाचला. म्हणजे पाच पायऱ्या. इथे पाणी नव्वदला. नव्वद अधिक पाच, पंच्याण्णव!" तिने कपाळावर हात मारला. "आणि आम्ही चढलो एकशेपाचपर्यंत. पाच पायऱ्यांऐवजी पंधरा!"

"समुद्रकाठी पंधरा पायऱ्या म्हणजे एकशेपंधरा अंश," बल्लव पुटपुटला. त्याच्या छातीवरचा निळा दिवा मिणमिणला. "माहितीकोशानुसार एकशेपंधरा म्हणजे गोळीबंद पाक. वड्या थापायचा. लाडवांसाठी वापरू नये. वापरल्यास... वापरल्यास लाडू फोडण्यास बत्ता लागेल." "दुर्वाताई, चूक माझी होती. मी आकडा मोजला. पायऱ्या मोजल्या नाहीत."

"जाऊ दे रे. पृथ्वीवर बरोबरच होतास तू," दुर्वा म्हणाली.

"पण हे खरं कशावरून?" शार्दूलने विचारलं. चेष्टेत नव्हे, मनापासून. "पंच्याण्णवला खरंच एकतारी होतो, हे तपासायला साखर कुठेय?"

दुर्वाने डबा उलटा करून ठोकला. तळाशी चिकटलेली साखर निघाली ती दोन चमचे. ती तिने फोडणीच्या पळीत घेतली, थोडं पाणी घातलं, मंद आचेवर धरली. बल्लवने आपला सुईसारखा बारीक तापमापक टेकवला.

"ब्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव!"

तिने पळी चटकन बाजूला घेतली आणि बोट पुढे नेलं.

"थांब!" आजोबांनी मनगट धरलं. "तापल्या पाकात बोट घालायचं नाही. पाक चिकटतो आणि पाण्याहून जास्त भाजतो. थेंब आधी गार ताटलीवर."

ताटलीवर थेंब पडला. दुर्वाने तो जरा निवू दिला, मग अंगठा आणि पहिलं बोट यांत धरला. बोटं हळूच लांब केली.

मध्ये एक तार उभी राहिली. केसासारखी बारीक, दिव्याच्या उजेडात सोन्यासारखी. एकच.

स्वयंपाकघरात कोणी श्वास घेईना. बल्लव श्वास घेतच नव्हता, पण त्याच्या पोटातला पंखाही जणू थांबला.

"मावशी बारा वर्षं हेच करत होती," दुर्वा म्हणाली. "तिला वायुदाब ठाऊक नव्हता. पण तार तुटते ती पाक पातळ असला की, धरते ती दाट झाला की. मग पृथ्वी असो नाहीतर चंद्र. तराजूसारखंच! बोट सरळ पाकालाच विचारतं."

"'बोट सांगेल' हे माप आहे," बल्लव गंभीरपणे म्हणाला. "नोंद दुरुस्त करतो."

घड्याळात दुपारचे दोन वाजले होते. कोडं सुटलं होतं. पण परातीत एकशे दहा दगड तसेच होते आणि साखर संपली होती.

शार्दूल हळूच म्हणाला, "दुर्वे, बर्फीची पाकिटं आहेत. कोणी काही म्हणणार नाही."

दुर्वाने पाकिटांकडे पाहिलंही नाही. ती परातीकडे बघत होती. लाडवांत काय होतं? रवा होता. तूप होतं. साखर तर सगळीच्या सगळी होती, कणभरही कुठे गेली नव्हती. मग गेलं काय?

"पाणी!" ती एवढ्या जोरात उडाली, की चंद्राच्या कृपेने तिचं डोकं दिव्याला लागता लागता राहिलं. "आजोबा, आपण बिघडवलं काहीच नाही! फक्त पाणी जास्त उडवलं. साखर संपलीय, पाणी कुठे संपलंय? गेलं तेवढं परत घालायचं!"

"किती गेलं?" आजोबांनी विचारलं, आणि हळूच बल्लवकडे पाहिलं.

बल्लव ताठ उभा राहिला. "दर अर्ध्या मिनिटाला कढईचं वजन टिपायची मला सवय आहे. अनावश्यक सवय, असं शार्दूलदादा परवाच म्हणाले. पाक पंच्याण्णव अंशांवर होता तेव्हाचं वजन आणि एकशेपाचवर होता तेव्हाचं वजन, यांत पहिल्या खेपेला एकशेपाच ग्रॅमचा फरक आहे. दुसऱ्या खेपेलाही तेवढाच. एकूण दोनशे दहा ग्रॅम पाणी."

"भीमा, शब्द मागे घेतो!" शार्दूल म्हणाला आणि बत्ता शोधायला धावला.

मग काय विचारता! शार्दूलने लाडू फोडले. चंद्रावर बत्त्याला फारसं वजन नाही, म्हणून मनगटाचा जोर लावून लावून घामाघूम झाला. बल्लवने फोडलेले तुकडे रवाळ केले. दुर्वाने दोनशे दहा ग्रॅम पाणी गरम केलं, परातीत हाताने हबके मारत शिंपडलं, खालवर केलं, सगळं झाकून अगदी मंद आचेवर ठेवलं. वाफ आत मुरली. साखरेने आपलं हरवलेलं माणूस भेटावं तसा पाण्याचा पदर पुन्हा धरला.

अर्ध्या तासाने झाकण काढलं. दुर्वाने मूठभर मिश्रण हातात घेतलं, दाबलं. जरा कोरडं वाटलं.

"मापानुसार पुरे आहे," बल्लव म्हणाला.

"शिंपडताना थोडं उडून गेलं असणार," दुर्वा म्हणाली आणि वर एक हबका मारला. "बोट सांगतंय."

"बोट सांगत असेल तर योग्यच आहे," बल्लव म्हणाला. आजोबा खो खो हसले.

लाडू वळले. पहिला तिने देवापुढे ठेवला. दुसरा मधून दाबला. तो हळूच, न कुरकुरता, दोन भागांत उमलला.

संध्याकाळी सहाला जेवणघर गच्च भरलं. दुर्वा नऊवारी नेसून उभी राहिली. पायांत चाळ होते, आणि चाळांखाली शिशाच्या पट्ट्या. नाहीतर रंगात येऊन नाचायला जावं आणि बुवा छताला टेकावेत! तबल्यावर शार्दूल, पेटीवर आजोबा. हातात टाळ होते ते अनसूयामावशीचे.

तिने रामकृष्णहरीचा गजर केला आणि स्वतः रचलेलं पद लावलं:

*साखर विरे पाण्यामाजी, डोळां ती दिसेना ।*
*बोटांमधल्या तारेपुढे लपता येईना ॥*

"मंडळी," ती म्हणाली, "देव दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा पाक करून बघावा!" आणि तिने सकाळपासूनचा सगळा प्रकार सांगितला. उल्का सांगितल्या, तेव्हा घर हसण्याने दणाणलं. दाराशी दाटलेली गर्दी आणि पदर धरणाऱ्या शेजारणी सांगितल्या, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींचे पदर धरून हसल्या. नव्वद अधिक पाच सांगितले, तेव्हा मागे उभे असलेले घुमटाचे इंजिनीअरही मान डोलावू लागले. आणि शेवटी तिने वहीतली दोन वाक्यं वाचली: पाक एकतारी, बोट सांगेल. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. कित्येकांनी डोळे पुसले.

मग प्रसाद वाटला. एकशे दहा माणसं, एकशे दहा लाडू. मागून कोणीतरी वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अरे, ही तर अनसूयेच्याच हातची चव!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की आजोबा म्हणाले, आता खरंच घुमटाच्या भिंतींवर ताण येतोय.

दातांचे डॉक्टर तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी लाडू खाल्ला आणि शार्दूलकडे बघून निराशेने मान हलवली. आज एकही गिऱ्हाईक नाही!

निघताना एक तरुण बाई दुर्वापाशी आली. तिची तुकडी पुढच्या महिन्यात मंगळावर वस्ती बांधायला जाणार होती. "तिथल्या घुमटातला वायुदाब आणखी कमी असेल," ती म्हणाली. "पाणी किती अंशांना उकळेल, अजून आम्हालाही नक्की ठाऊक नाही. मला कृती देशील?"

दुर्वाने बल्लवकडे पाहिलं. बल्लवने नवी नोंद वाचून दाखवली: "रव्याचे पाकातले लाडू. कृती अनसूयाबाईंची. पायरी पहिली: जिथे असाल तिथलं साधं पाणी उकळून बघा. पायरी दुसरी: त्याच्या पाच अंश वर पाक उतरवा. पायरी तिसरी: तरीही थेंब गार करून बोटाला विचारा."

तर बाळांनो, कोडं सुटलं, म्हणजे माझ्या वाटणीचा लाडू माझाच. उद्या तुमच्यापैकी कोणी डोंगरावर राहायला जाल, कोणी चंद्रावर, कोणी त्याच्याही पलीकडे. जिथे जाल तिथे तुमची मापं बरोबर घ्या, पण मापं कुठली आहेत तेही विचारा. आणि घरात कधी पाक होत असेल, आई किंवा बाबा थेंब बोटांत धरून तार बघत असतील, तर जवळ जा, ती सोनेरी तार डोळे भरून बघा. आणि एवढं कराल ना माझ्यासाठी? ती तार उभी राहील तेव्हा पाच किलोच्या सामानात टाळ आणि कढई घेऊन चंद्रावर गेलेल्या अनसूयाबाईची आठवण काढा. ती आता दिसत नाही. पण साखर तरी पाकात कुठे दिसते?